एक जाळे, अनेक आवृत्त्या : ग्रंथालयातील संगणक आणि मराठीची मांडणी

महाराष्ट्राबाहेरील आपल्या संस्थांमध्ये संगणक सहसा एकरकमी विकत घेतले जात नाहीत, ते जमत जातात. एखाद्या वर्षी अनुदानातून तीन-चार येतात, एखादा सभासद आपला जुना संगणक देणगी म्हणून देतो, कधी एखाद्या कार्यालयातून बाद झालेले संच मिळतात. परिणामी एकाच दालनात विंडोज ७, विंडोज १०, विंडोज ११ आणि लिनक्स शेजारी शेजारी नांदू लागतात. इंदूरमधील एका मराठी ग्रंथालयातील अशाच मिश्र जाळ्याची देखभाल मी काही वर्षांपासून पाहते. या कामात जे समजले ते इतर केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

विषय वरवर तांत्रिक आहे. परंतु ग्रंथसूचीत एखादे पुस्तक असूनही सापडत नाही, स्मरणिकेची जुळवलेली पाने दुसऱ्या संगणकावर विस्कटतात, मराठी मजकुराखाली हिंदीच्या हिशेबाने लाल रेघा उमटतात, या सगळ्यांचे मूळ पुष्कळदा सेटिंगमध्ये असते. म्हणून तो केवळ संगणकवाल्यांचा विषय राहत नाही.

सेटिंग राहते कोठे?

कळफलकाची मांडणी, फॉन्ट, मजकुराची भाषा, तारीख-अंकांची पद्धत, पडद्यावरील अक्षरांचा आकार यांना आपण सेटिंग म्हणतो. या नोंदी तीन पातळ्यांवर राहतात. काही संपूर्ण संगणकाच्या असतात, जसे बसवलेले फॉन्ट. काही त्या त्या वापरकर्त्याच्या असतात, जसे त्याने निवडलेला कळफलक. काही एखाद्या प्रोग्रामच्या स्वतःच्या असतात, जसे लेखनाच्या प्रोग्रामने नव्या कागदासाठी धरलेली भाषा. विंडोजमध्ये पहिल्या दोन प्रकारच्या बऱ्याच नोंदी ‘रजिस्ट्री’ नावाच्या कोठारात असतात. लिनक्सवरील ग्नोम डेस्कटॉपच्या जुन्या पिढीत त्या ‘जीकॉन्फ’मध्ये असत. २०११ साली ग्नोम ३ आले तेव्हापासून त्या ‘डीकॉन्फ’मध्ये राहतात. म्हणजे एकाच डेस्कटॉपच्या दोन पिढ्यांतसुद्धा नोंदीचा पत्ता बदलतो.

अडचण येथूनच सुरू होते. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली नोंद जुन्या आवृत्तीला पोचली, तर बहुधा कोणतीही तक्रार उमटत नाही. त्या पत्त्यावर वाचणारे कोणी नसते, नोंद तशीच पडून राहते आणि संगणक आपल्या मूळ सवयीने चालत राहतो. आपण मात्र सेटिंग सर्वत्र लागू झाले असे समजतो. त्यामुळे नोंद पोचली की नाही यावर समाधान न मानता, अपेक्षित परिणाम दिसतो की नाही हेच प्रत्येक आवृत्तीवर तपासले पाहिजे.

आवृत्ती बदलली की मराठीचे काय होते?

पहिला प्रश्न फॉन्टचा. विंडोज २००० पासून ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट विंडोजबरोबर येत असे आणि आपल्याकडील असंख्य पत्रे, इतिवृत्ते, स्मरणिका त्यातच लिहिल्या गेल्या. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ हा नवा फॉन्ट आला. विंडोज १० मध्ये तर मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट देवनागरीच्या पूरक संचात गेले. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की हा संच इंटरनेटवरून उतरतो. ग्रंथालयाच्या जाळ्यात असे उतरवणे बंद ठेवलेले असेल, तर तो येत नाही. मग मंगलमध्ये जुळवलेली फाईल दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक चुकतात. मजकुरातील एकही अक्षर हरवलेले नसते, पण छपाईला द्यायची प्रत निरुपयोगी झालेली असते.

यावर उपाय सोपा आहे. संस्थेने मुक्त परवान्याचा एक फॉन्ट ठरवावा आणि तो प्रत्येक संगणकावर, लिनक्ससह, बसवावा. नोटो, मुक्ता, लोहित असे चांगले पर्याय उपलब्ध आहेत. फॉन्ट सर्वत्र सारखा हवाच, शिवाय त्या फॉन्टची आवृत्तीही सारखी हवी, कारण सुधारित आवृत्तीत जोडाक्षरांची रचना किंवा अंतरे बदललेली असू शकतात.

दुसरा प्रश्न अक्षरांच्या संकेतांचा. येथे मराठीचे खास दुखणे आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हा भेद तर शाळेपासून आपल्या परिचयाचा आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात, आणि युनिकोडची नेहमीची एकरूपीकरणाची प्रक्रियाही त्यांना एक करत नाही. एका संगणकावर एका मांडणीने सूचीत भरलेले पुस्तक दुसऱ्या संगणकावर दुसऱ्या मांडणीने शोधले, तर ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळू शकते. वाचक परत जातो आणि पुस्तक कपाटात पडून राहते. सूचीत नसलेले पुस्तक व्यवहारात ग्रंथालयात नसलेलेच असते.

‘ॲ’ची कथा अशीच आहे. मराठीला हवे असलेले हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी कोणी ‘अ’पुढे चंद्र जोडून काम भागवत असे, तर कोणी हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरत असे. त्यामुळे ‘ॲडव्होकेट’ हा एकच शब्द एकाच सूचीत तीन प्रकारे नोंदलेला सापडतो. शिवाय २००८ पूर्वी तयार झालेल्या फॉन्टमध्ये हे अक्षर नसते, म्हणून जुन्या संगणकावर त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. ती पाहून टंकलेखकाला आपलेच चुकले असे वाटते आणि तो पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळतो.

तिसरा प्रश्न भाषेच्या खुणेचा. हिंदी आणि मराठीची लिपी एकच असल्यामुळे इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळकडे तो अधिक जाणवतो. आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर हिंदी कळफलक आधीपासून होता. इनस्क्रिप्ट मांडणीत हिंदी कळफलकावरही ळ आणि ऱ उमटतात, म्हणून काम अडत नाही आणि कोणी मराठी कळफलक जोडण्याच्या फंदात पडत नाही. परंतु लेखनाचे प्रोग्राम बहुधा कळफलकाच्या भाषेवरून मजकुराची भाषा ठरवतात. हिंदी कळफलकाने लिहिलेल्या मराठी लेखावर ‘हिंदी’ अशी खूण बसते.

या खुणेवर बरेच काही अवलंबून असते. शुद्धलेखन तपासनीस कोणता शब्दकोश उघडायचा हे तीवरून ठरवतो. ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे वेगळी दिलेली असतात, तेथे मजकूर मराठी आहे असे कळले तरच ती वळणे आपोआप येतात. अनुक्रम लावतानाही भाषा लागते. आपल्या वर्णमालेच्या शेवटी ह, ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो, आणि क्ष हे क या अक्षरापासून बनलेले जोडाक्षर मानले जाते. केवळ संकेतक्रमाने यादी लावली तर ‘काळ’ हा शब्द ‘काव’च्या आधी येतो, आणि ‘क्ष’पासून सुरू होणारी नावे ‘क’च्या ओळीत शिरतात. सूचीची छापील प्रत चाळणाऱ्या जुन्या सभासदाला ती नावे अपेक्षित जागी मिळत नाहीत. आपण मराठी लिहावे आणि यंत्राने ती हिंदी म्हणून जपून ठेवावी, हे शोधयंत्रांच्या आजच्या काळात भाषेच्या दृष्टीनेही हिताचे नाही.

वापरकर्त्याची मांडणी सोबत न्यावी का?

जाळ्यात एक सोय असते. वापरकर्ता कोणत्याही संगणकावर बसला, तरी त्याची मांडणी मध्यवर्ती संगणकावरून त्याच्यामागे येते. विंडोजमध्ये हिला ‘रोमिंग प्रोफाइल’ म्हणतात. कल्पना आकर्षक असली तरी आवृत्त्या वेगळ्या असतील तेथे ती फसते. विंडोज ७ अशा मांडणीच्या फोल्डरच्या नावापुढे ‘व्ही २’ अशी खूण लावते, तर विंडोज १० ची २०१६ मधील सुधारित आवृत्ती आणि त्यापुढील आवृत्त्या ‘व्ही ६’ लावतात. या खुणा मुद्दाम ठेवल्या आहेत, कारण दोन आवृत्त्यांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या तर दोन्ही बिघडण्याचा धोका असतो. म्हणजे एकाच माणसाच्या दोन मांडण्या तयार होतात, आणि एकीत जोडलेला कळफलक दुसरीत दिसत नाही.

लिनक्सवर अनेक संगणक वापरकर्त्याचे घरचे फोल्डर सामाईक ठेवतात. त्यावर जुनी आणि नवी आवृत्ती दोन्ही लिहू लागल्या, तर नवी आवृत्ती नोंदींना आपले नवे रूप देते आणि जुनीला त्या वाचता येत नाहीत. यासाठी आम्ही एक नियम पाळतो : कागदपत्रे सामाईक, मांडणी सामाईक नाही. लेख, याद्या, छायाचित्रे मध्यवर्ती फोल्डरमध्ये राहतात. सेटिंग मात्र प्रत्येक संगणकावर, त्या त्या आवृत्तीला समजेल अशा पद्धतीने, वरून लावले जाते.

वरून लावण्याची साधने

विंडोज २००० पासून मध्यवर्ती संगणकावरून सेटिंग लावण्यासाठी ‘ग्रुप पॉलिसी’ उपलब्ध आहे. तिचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी त्या संगणकावरील स्थानिक धोरण, मग स्थळाचे, मग संपूर्ण डोमेनचे आणि शेवटी त्यातील विभागाचे धोरण लागू होते. दोन धोरणांत विरोध आला, तर सामान्यतः नंतर लागू झालेले टिकते. बदल लगेच दिसत नाही. सर्वसाधारण संगणक दर ९० मिनिटांनी, वर अर्ध्या तासापर्यंतचे आगेमागे अंतर ठेवून, नवे धोरण विचारतो. त्यामुळे बदल केल्यावर पाचच मिनिटांत ‘लागू झाले नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

आवृत्तीनुसार धोरण वेगळे करण्यासाठी गाळणी लावता येते. विंडोज ७ स्वतःचा क्रमांक ६.१ असा सांगते, विंडोज १० हा १०.० असा सांगते. विंडोज ११ सुद्धा १०.० असाच सांगते. या दोघांतील फरक पुढच्या बांधणी-क्रमांकावरून कळतो. तो २२००० किंवा त्याहून अधिक असेल, तर ती विंडोज ११. नावावर विसंबून केलेली गाळणी येथे चकवते.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. काही नोंदी खऱ्या अर्थाने ‘धोरण’ असतात. धोरण काढले की त्या निघून जातात. काही केवळ ‘पसंती’ असतात. त्या एकदा लिहिल्या की मूळ आदेश काढल्यावरही बहुधा मागे उरतात. वर्षानुवर्षे चालवलेल्या जाळ्यात अशा उरलेल्या नोंदींचा गाळ साचतो. कोणत्या संगणकावर प्रत्यक्षात काय लागू आहे, हे ‘जीपीरिझल्ट’ या आज्ञेने पाहता येते.

लिनक्सवर हेच काम डीकॉन्फ करते. व्यवस्थापक एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये मूलभूत सेटिंग लिहितो. वापरकर्त्याने बदलू नये असे जे असेल त्याला वेगळ्या फाईलमध्ये ‘कुलूप’ लावतो आणि शेवटी कोठार ताजे करण्याची आज्ञा देतो. कुलूप नसलेली नोंद वापरकर्ता आपल्यापुरती बदलू शकतो.

लहान संस्थेकडे मध्यवर्ती सर्व्हर नसतो, आणि त्यासाठी खर्च करण्याची गरजही नसते. दहा-बारा संगणकांसाठी एक सामाईक फोल्डर पुरतो. त्यात ठरलेले फॉन्ट आणि प्रत्येक आवृत्तीसाठी एक अशी आज्ञांची छोटी फाईल ठेवावी. ती फाईल आधी आपली आवृत्ती तपासते. ओळखीची असेल तरच पुढे जाते, नसेल तर काहीही न बदलता थांबते. जोडीला एक वही ठेवावी : संगणकाचा क्रमांक, आवृत्ती, फॉन्टची आवृत्ती, कळफलक, शेवटच्या बदलाची तारीख. पुढचा कार्यकर्ता प्रथम ती वहीच मागेल.

काय बांधावे, काय मोकळे सोडावे?

हा प्रश्न तंत्राइतकाच माणसांचा आहे. आमच्याकडील एक ज्येष्ठ सभासद टंकलेखन यंत्रावर शिकलेले आहेत आणि त्यांची बोटे ‘रेमिंग्टन’ मांडणीवरच चालतात. मधल्या पिढीला इनस्क्रिप्ट येते. मुले रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात. मे २०१९ च्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी तशी उच्चारानुसारी मांडणी विंडोजमध्येच मिळते. सर्वांना एकाच मांडणीवर आणावे, असा आग्रह आमच्या समितीत एकदा झाला. मी त्याला विरोध केला. दादांनी वयाच्या या टप्प्यावर नवी मांडणी शिकण्यापेक्षा त्यांच्या आठवणी लिहून पूर्ण कराव्यात, हे संस्थेच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

म्हणून आम्ही सेटिंगचे तीन भाग केले. पहिला भाग बांधलेला : ठरलेला फॉन्ट, मराठी भाषेची खूण, नव्या फाईली साठवण्याची जागा. हे वापरकर्त्याने बदलू नये, कारण त्याचा परिणाम सगळ्यांच्या कामावर होतो. दुसरा भाग सुचवलेला : मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो, पण दुसरा घेण्याची मुभा आहे. तिसरा भाग पूर्ण मोकळा : अक्षरांचा आकार, पडद्याचा रंग, चित्र. डोळ्यांचा त्रास असलेल्या वाचकाला अक्षर मोठे करता आलेच पाहिजे. तेथे कुलूप लावणे अन्यायाचे ठरेल.

कळफलक मोकळा ठेवला, तर संकेतांचा घोळ होणार नाही का? होतो. पण त्याचा बंदोबस्त कळफलकावर न करता सूचीच्या दाराशी करावा. नोंद सूचीत जाण्यापूर्वी अदृश्य जोडचिन्हाचा अर्धा र ‘ऱ’च्या रूपात आणायचा, ‘ॲ’ची इतर दोन रूपे एका रूपात आणायची, आणि शोधाच्या चौकटीत टंकलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया करायची. असे केल्यास कोणी कोणत्याही मांडणीने लिहिले, तरी पुस्तक सापडते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व पद्धतींतील जुन्या याद्या मात्र आधी रूपांतरित कराव्या लागतात आणि रूपांतरानंतर माणसाने वाचाव्याच लागतात.

सुरुवात कशी करावी?

प्रथम संगणकांची मोजदाद करून आवृत्त्या लिहून काढाव्यात. ज्यांची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली आहे ते वेगळे काढावेत. विंडोज एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. असे संच इंटरनेटपासून दूर ठेवावेत, किंवा पेलत असेल तेथे त्यांवर लिनक्स बसवावे. आवृत्त्यांची संख्या एकाने जरी घटली, तरी पुढचे काम पुष्कळ हलके होते.

त्यानंतर प्रत्येक आवृत्तीचा एकेक संगणक चाचणीसाठी निवडावा आणि कोणताही बदल प्रथम तेथेच करावा. चाचणीसाठी एक ठरावीक वाक्य ठेवावे. आमचे वाक्य असे आहे : ‘ॲड. काळे यांनी शाळेजवळच्या दऱ्यांत क्षणभर थांबून तऱ्हेतऱ्हेची लाल फुले पाहिली.’ ते प्रत्येक संगणकावर टंकावे, सामाईक फोल्डरमध्ये ठेवावे, इतर प्रत्येक आवृत्तीवर उघडावे, त्यातील ‘दऱ्यांत’ हा शब्द शोधून पाहावा आणि शेवटी छापावे. चौकट दिसली तर फॉन्ट जुना आहे. शब्द सापडला नाही तर संकेत वेगळे आहेत. ल आणि श यांचे वळण बदलले तर एकतर फॉन्ट बदलला आहे किंवा भाषेची खूण चुकली आहे. पंधरा मिनिटांच्या या चाचणीत बहुतेक दोष कळतात.

आपल्या संस्थांमधील हे काम बहुधा एखादा उत्साही तरुण करतो आणि नोकरीसाठी तो पुण्याला किंवा बंगळूरुला गेला की थांबते. तसे होऊ नये म्हणून फॉन्टची निवड, बांधलेल्या सेटिंगची यादी आणि चाचणीचे वाक्य कार्यकारिणीच्या ठरावात नोंदवावे, आणि दरवर्षी ग्रंथमोजणीच्या वेळीच संगणकांचीही तपासणी करावी. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. ग्रंथपालाचा एक दिवस आणि एक वही एवढे पुरते.